चार प्रोसेसर आणि एक स्पॉन्सर

नमस्कार मंडळी. मध्यंतरी पुण्यात एका कंपनीच्या प्रॉडक्ट लाँचला गेलो होतो, जेवण झक्कास, निघताना हातात पिशवी, आत पेनड्राइव्ह आणि प्रेसनोट. पुढच्या महिन्यात एका मासिकात तीच प्रेसनोट शब्दन् शब्द छापलेली, वर लेखक म्हणून कुणाचं तरी नाव, आणि शेजारच्या पानावर त्याच कंपनीची फुलपेज जाहिरात. योगायोग हो, दुसरं काय!

त्यावरनं मला १९९९ चं प्रकरण आठवलं. अमेरिकेतल्या माइंडक्राफ्ट नावाच्या टेस्टिंग कंपनीने एप्रिलात रिपोर्ट काढला की विंडोज एनटी (मायक्रोसॉफ्टची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) हे लिनक्सपेक्षा (फुकट मिळणारी तिची स्पर्धक) फाइल सर्व्हर म्हणून, म्हणजे ऑफिसातल्या फायली वाटायला, अडीच पट फास्ट आणि वेब सर्व्हर म्हणून, म्हणजे वेबसाइट चालवायला, ३.७ पट. खर्च मायक्रोसॉफ्टचा, आणि तसं रिपोर्टात लिहिलेलंही होतं, लपवाछपवी नाही. पण मशीन कसलं घेतलं बघा, डेलचं चार प्रोसेसरचं धूड, त्यात चार नेटवर्क कार्डं, आणि त्या काळी लिनक्सवाले बिचारे साध्या एका प्रोसेसरच्या डब्यावर साइट चालवायचे. एनटी ट्यून करायला मायक्रोसॉफ्टची माणसं, लिनक्ससाठी काय तर न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या कट्ट्यावर, एक प्रश्न टाकला. नंतर कळलं की टेस्टची लॅबसुद्धा मायक्रोसॉफ्टचीच! आकडे खोटे नव्हते, पण पिच यजमानांनीच बनवलेलं.

मग बोंबाबोंब झाली आणि जूनमध्ये पीसी वीक साप्ताहिकाच्या लॅबमध्ये परत टेस्ट घेतली, या वेळी लिनक्सवाले स्वतः हजर. तरी एनटीच जिंकलं की राव, फरक कमी झाला एवढंच. कारण लिनक्सचा नेटवर्कचा कोड एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालायचा, बाकीचे तीन नुसते रांगेत उभे. ते पुढे लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, २.४ आवृत्तीत सुधारलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पैशाने लिनक्सचं फुकट ऑडिट झालं म्हणा ना.

२००२ मध्ये आयडीसी या मार्केट रिसर्च कंपनीचा रिपोर्ट, पैसे परत मायक्रोसॉफ्टचेच, सर्व्हरच्या पाच कामांपैकी चारांत विंडोज स्वस्त, फक्त वेब सर्व्हरला लिनक्स. पुढच्या वर्षी फॉरेस्टर या तशाच दुसऱ्या कंपनीचाही असाच एक रिपोर्ट गाजला आणि त्यावर एवढी टीका झाली की त्यांनी नियमच केला, पैसे घेऊन केलेली तुलना कंपनीला जाहिरातीत मिरवता येणार नाही.

बाकी तो पेनड्राइव्ह म्हणाल तर... हे भाषण त्यातच सेव्ह केलंय.