पोकळ झाडाची किंमत

मंडळी, जंगल राखायचं म्हटलं की आपण आधी खड्डे खणायला निघतो. मला आज बोलायचंय ते कुणीच न लावलेल्या झाडांबद्दल. म्हातारी, ढोल्या पडलेली, अर्धी वाळलेली झाडं.

रानपिंगळ्याची हकिकत घ्या. पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली या छोट्या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा मिळेना. मधे माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मारल्याचा दावा केला होता. तो नमुना चोरीचा निघाला, जुनाच, फक्त चिठ्ठी नवी. अशा माणसांनी विज्ञानाचं किती नुकसान केलं याचा हिशोब कधीतरी मांडायला हवा. असो. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला, तोही दिवसाउजेडी. मग मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसात.

त्याला लागतं काय? सागाचं, कोरडं, विरळ जंगल. खाली जमीन दिसली पाहिजे, कारण तो फांदीवर बसून सरडे आणि उंदीर हेरतो. आपण मात्र मोकळी जागा दिसली की रोपं ठोकतो आणि त्याचं शिकारीचं रान बुजवून टाकतो. अंडी घालायला त्याला ढोली हवी, आणि ती त्याला स्वतः कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली किंवा फांदी कुजून पडलेली ढोलीच त्याच्या कामी येते. जंगलाची ‘सफाई’ करताना वाळकं झाड आधी जातं, त्याबरोबर हे घरही जातं.

आता कोकणात या. इथल्या ककणेराला, म्हणजे धनेशाला, अगदी उलटं जंगल लागतं: दाट, उंच, वड-उंबरांनी भरलेलं. पण ढोलीची गरज तीच. मादी ढोलीत शिरते, विष्ठेने दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे तिला बाहेरून भरवत राहतो. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली जुन्या बेहड्यात, आंब्यात, सातविणीत मिळते. कोकणात बरंचसं रान खासगी. जळाऊ लाकडासाठी ते ठेकेदाराला दिलं की सरसकट तोड होते आणि मग काजू लागतो. नव्या काजूत ककणेर राहणार कुठे?

हवामानाशी याचा संबंध सरळ आहे. ककणेरासारखे, मोठ्या बियांची फळं गिळून त्या बिया दूर टाकणारे पक्षी आपल्याकडे मोजकेच. या बियांची बरीच झाडं सावकाश वाढणारी, घट्ट लाकडाची असतात आणि कार्बन दीर्घकाळ धरून ठेवतात. पक्षी गेला की अशी झाडं नव्या जागी उगवणं कमी होतं. शिवाय एका जातीची लागवड एकाच किडीने किंवा एकाच दुष्काळाने झोपू शकते. मिश्र रानात काही झाडं हरली तरी काही तगतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तोडणीसाठी झाडांवर खुणा करायला निघालात, तर आधी ढोलीची झाडं पाहून घ्या, त्यांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारा आणि ती तोडीतून वगळा. खासगी मालकाला त्या झाडामागे दरवर्षी काही रक्कम द्यायला हरकत नाही. ओढ्याकाठची पट्टी मात्र पैसे मिळोत न मिळोत, तोडीबाहेरच हवी.