राजगड ते तोरणा: धारेवरचा एक दिवस

पहाटेचे पाच. गुंजवणे गाव अजून अंधारात आहे. चोर दरवाजाच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी आहे. राजगडावर टाक्यांचं पाणी मिळतं, पण पुढे तोरण्यापर्यंत धारेवर, म्हणजे दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या अरुंद माथ्यावर, खात्रीचं पाणी नाही. तीन लिटर पुरतील, असा हिशेब दुपारी दोन वाजता चुकतो.

पद्मावती माचीवर, म्हणजे गडाच्या तटबंदीतल्या सपाटीवर, पोचायला दोन ते अडीच तास. इथे पोटभर खाऊन घ्यायचं. बालेकिल्ला आज नाही. तो मोह आवरला नाही, तर तास-दीड तास जातो आणि तो संध्याकाळी तोरण्याच्या उतरणीवर भरावा लागतो.

आता संजीवनी माची. दुहेरी तटबंदी, मधल्या अरुंद बोळात उतरणाऱ्या पायऱ्या. घाईनं जाऊ नये अशी ही जागा आहे. अळू दरवाजातून बाहेर पडलं की गड मागे राहतो आणि धार सुरू होते.

डावीकडे भाटघर धरणाचं पाणी, उजवीकडे तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावाचं खोरं, आणि समोर दूरवर तोरणा. नियम एकच: माथा सोडायचा नाही. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढं असतं आणि ढोरवाटा जागोजागी फसवतात. ओळखायची खूण अशी: ढोरवाटेवर पायाखाली मळलेलं असतं, पण कारवीच्या फांद्या छातीशी आडव्या येतात. गुरं त्यांच्या खालून जातात. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं. फांद्या बाजूला सारत दहा पावलं गेलात, की मागे फिरा. तसंच पुढे रेटलं तर माणूस उतारावर आडवा जात राहतो आणि माथा हळूहळू वर निघून जातो.

हा मुरमाड घसारा जवळून बघा. बारीक गोल खडे कातळावर पसरलेत, बुटाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे फिरतात. भीतीनं माणूस मागे रेलतो, सगळं वजन टाचेवर येतं आणि नेमका तेव्हाच पाय सटकतो. गुडघे किंचित वाकवा, वजन पावलाच्या बरोब्बर वर ठेवा, पूर्ण तळवा टेकवा, पावलं लहान टाका. आणि दोघांत अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्यावर येतो.

खिंडीतली ही डांबरी सडक. वेल्ह्याची आणि भुतोंड्याची बाजू इथे जोडली जाते. दिवसाचा खरा निर्णय इथे होतो. साडेबारा वाजून गेले असतील, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येत असतील किंवा माणशी दीड लिटरहून कमी पाणी उरलं असेल, तर इथूनच वेल्ह्याकडे उतरायचं. पुढे अर्ध्यात सुटायला अशी सोपी वाट नाही.

गोळे का येतात? स्नायू थकतात. शिवाय घामातून मीठ जातं, आणि नुसतं पाणी पिऊन ते परत येत नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एका लिटरातच विरघळवा. अर्ध्या लिटरात घट्ट केली की मळमळतं. सोबत खारे शेंगदाणे, गूळ, भाकरीचा तुकडा, दर तासाला थोडं थोडं. भूक लागायची वाट बघू नका.

खिंडीनंतर चढ, पठार, पुन्हा चढ. हिवाळ्यात दुपारचं ऊन डावीकडून तोंडावर येतं, म्हणून टोपीला पुढे रुंद कड हवी. तळव्यात एखादी जागा चुरचुरायला लागली, तर बूट तिथेच काढून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टीचा उपयोग फारसा राहत नाही.

बुधला माचीखालचा कातळटप्पा सगळ्यांत शेवटी येतो, पाय थकलेले असताना. इथे एका वेळी एकानंच चढायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, काठी सॅकला बांधा, गळ्यातला कॅमेरा आत ठेवा.

कोकण दरवाजा, मग मेंगाईचं मंदिर. इथे बसून बुटांचे बंद सोडा आणि घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा. पाऊल बुटात पुढे सरकत राहिलं, तर अंगठ्याचं नख उतारावर काळं पडतं. बिनी दरवाजा ओलांडण्याआधी विजेरी डोक्याला लावलेली हवी. वेल्ह्याचे दिवे इथून अगदी पायाशी दिसतात, पण उतरायला अजून दीड ते दोन तास आहेत.