पऱ्हाटीच्या शेकोटीजवळचा बर्फ

डिसेंबरच्या अखेरीस मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत अंधार लवकर पडतो, कापसाची वेचणी आटोपून बाया घरी परततात आणि अंगणाअंगणांत पऱ्हाटीची शेकोटी पेटते. अशाच एका गावात, नाताळच्या संध्याकाळी, समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टरने चित्रे दाखवली जात आहेत. चित्रे सगळी हिवाळ्याची आहेत, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणीही बर्फ पडताना पाहिलेला नाही.

पहिले चित्र पीटर ब्रूगेल या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडील) चित्रकाराने १५६५ मध्ये लाकडी फळीवर तैलरंगांत रंगवले. मूळ चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तीन शिकारी टेकडीवरून गावाकडे उतरत आहेत. बर्फाची नवलाई थोड्याच वेळात ओसरते आणि प्रेक्षक चित्रातील कामे ओळखू लागतात. कुत्र्यांचा एवढा मोठा घोळका सोबत नेऊनही या माणसांच्या हाती अवघा एक कोल्हा लागला आहे, हे शेतकऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. डावीकडे खाणावळीबाहेर जाळ केलेला आहे, खाली पुलावरून कोणी सरपणाची मोळी नेत आहे, पाणचक्कीचे चाक गोठून थांबले आहे आणि दूरवर एका घराच्या धुराड्याने पेट घेतल्यामुळे माणसे तिकडे धावली आहेत. मागचे उंच सुळके मात्र त्या सपाट प्रदेशातील नाहीत. इटलीच्या प्रवासात पाहिलेला आल्प्स पर्वत ब्रूगेलने आपल्या गावामागे आणून उभा केला.

याहूनही धीट बदल त्याने पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये केला. ब्रुसेल्सच्या संग्रहालयातील या दुसऱ्या चित्रात येशूच्या जन्मगावाची, बेथलेहेमची शिरगणती आहे, परंतु बेथलेहेम म्हणून दिसते ते बर्फाने झाकलेले फ्लेमिश खेडे. बायबलमधील जन्मकथेत बर्फाचा उल्लेख नाही. चित्राच्या डाव्या बाजूला खाणावळीच्या दाराशी नाव नोंदवण्यासाठी आणि कर भरण्यासाठी झुंबड उडाली आहे; कापूस खरेदी केंद्रावर ताटकळलेल्या माणसाला त्या गर्दीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. गोठलेल्या पाण्यावर मुले खेळत आहेत. आणि येशूची आई मेरी? ती शोधावी लागते, व पोरांना हा शोधच सर्वांत आवडतो. खांद्यावर सुताराची करवत घेतलेला तिचा नवरा जोसेफ सापडला की त्याच्या मागे गाढवावर बसलेली ती दिसते. तिच्याकडे गावातील कोणाचेही लक्ष नाही. भेटकार्डांवरील चकचकीत नाताळापेक्षा हे चित्र मला त्यासाठीच अधिक खरे वाटते.

तिसरे चित्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे, १८६८-६९ च्या हिवाळ्यातील. कुंपण, त्याच्या फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी आणि उन्हात उजळलेला बर्फ, एवढाच त्याचा विषय. पॅरिसच्या १८६९ च्या अधिकृत प्रदर्शनाने ते नाकारले. आज ते त्याच शहरातील ओर्से संग्रहालयात आहे. त्यातील सावल्या काळ्या किंवा करड्या नाहीत, निळसर आहेत. सावलीच्या जागी थेट ऊन पोहोचत नाही, पण मोकळ्या आकाशाचा निळा उजेड पोहोचतो, आणि पांढऱ्या पृष्ठभागावर तो दिसून येतो.

कापसाला बर्फाची उपमा देणे आपल्याकडे इतके झाले आहे की ती आता टाळलेलीच बरी. सावलीपुरती मात्र ती कामाची ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, आकाश निरभ्र असताना, समाजमंदिरात बसलेली दोन पोरे अंगणातील कापसाच्या ढिगाजवळ उकिडवी बसून एकमेकांच्या हाताची सावली त्यावर पाडतात. बराच वेळ त्यांना ती काळीच दिसते. मग त्यातील धाकटी आईला हाक मारते आणि सावली निळी आहे, लवकर ये, असे सांगते.