ताकदीचं काहीतरी द्या

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. २८ वर्षं त्या काउंटरमागे उभा आहे. इतक्या वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर ते तापाच्या गोळीचं नाही आणि पित्ताच्या गोळीचंही नाही. ते वाक्य म्हणजे, "ताकदीचं काहीतरी द्या."

ऊसतोडीच्या फडावरून आलेला गडी हेच म्हणतो. बाळंतपणाला वर्ष उलटलं तरी सून अजून उभी राहत नाही म्हणून सासूबाई येतात, त्या हेच म्हणतात. पासष्टी ओलांडलेले आबा येतात, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना हे आधी बघतात आणि हळूच हेच म्हणतात. आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर रोजच. प्रत्येकाला हवी असलेली ताकद निराळी, पण बोट सगळ्यांचं एकाच फळीकडे, टॉनिक आणि पावडरींच्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या फळीवरचे डबे मी विकतो आणि औषधांपेक्षा त्यांत मला सुटतंही जास्त. तेव्हा माझं बोलणं तो हिशोब धरून ऐका.

मागच्या उन्हाळ्यात भरतीची तयारी करणारा एक पोरगा डबा घेऊन आला. माझ्याकडचा नव्हता, ऑनलाइन मागवलेला. म्हणाला, "काका, हे कसं आहे बघा ना. मला तर पहिल्याच दिवशी फरक पडला." व्यायामाआधी घ्यायची पावडर होती. घेतली की कानाच्या पाळ्यांना, गालांना मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या म्हणजे माल अस्सल, असं त्याला अकॅडमीतल्या पोरांनी सांगितलं होतं. आता त्या मुंग्या बीटा-अॅलनिन नावाच्या घटकाच्या. त्या येतात आणि जातात, त्यांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. पण त्यांचा ताकदीशी संबंध लावणं म्हणजे भजी तिखट लागली म्हणून ती पौष्टिक आहेत असं म्हणण्यासारखं झालं.

मी चष्मा लावला आणि डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. एका स्कूपमध्ये, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्यात, कॅफिन ३०० मिलिग्रॅम. त्याला विचारलं, किती घेतोस? म्हणाला, "दोन. पाण्यात कालवत नाही, कोरडीच फक्की मारतो. लवकर चढते."

मग कागद घेऊन त्याला हिशोब करून दाखवला, तोच तुम्हालाही सांगतो. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घालायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी नाही. म्हणजे पाव लिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पिऊ नका, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका, हे कॅनवर छापावंच लागतं. या पोराचा एक स्कूप म्हणजे चार कॅन, दोन स्कूप म्हणजे आठ. तेही उपाशीपोटी, पहाटे साडेचारला, एका दमात. धडधाकट मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात. हा गडी दूधवाला यायच्या आत ६०० घेऊन मोकळा होत होता.

आणि ते घेऊन तो करत काय होता, तर एप्रिलच्या उकाड्यात १६०० मीटर पळत होता. कॅफिनने ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. पळण्यानेही ठोके वाढतात. उकाड्यात अंग थंड ठेवायला हृदयाला आणखी राबावं लागतं. तीन नांगर एकाच बैलाला.

अमेरिकेत २००३ साली असंच एका व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत घडलं. स्टीव्ह बेकलर, बेसबॉलचा गोलंदाज, वय २३. फ्लोरिडात सरावाच्या वेळी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने गेला. तो इफेड्रा असलेली, कॅफिनसारखेच ठोके वाढवणारी गोळी घेत होता आणि मृत्यूला तिचाही हात होता, असं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तिथे अशा पूरक आहारातल्या इफेड्रावर बंदी आली. इफेड्रा ही वनस्पती आहे बरं का. हिरवी, नैसर्गिक, डब्यावर पानाचं चित्र काढता येईल अशी.

पण आमच्या भागातला खरा घोर पावडरीचा नाही. पावडरीने भागेनासं झालं की पोरं सुईकडे वळतात. मेफेंटरमाईन सल्फेट नावाचं इंजेक्शन आहे. ऑपरेशनच्या टेबलावर पाठीत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब धाडकन खाली आला, तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते देतात. तेव्हा पेशंट आडवा असतो, शेजारी मॉनिटर चालू असतो आणि डॉक्टरांची नजर त्यावरून हलत नाही. तेच इंजेक्शन जिमच्या मागच्या खोलीत, रक्तदाब चांगला असलेला विशीतला पोरगा स्वतःच्या हाताने टोचून घेतो आणि ग्राउंडवर उतरतो. त्याला वाटतं दम वाढला. दम होता तेवढाच असतो. बास म्हणणारा आतला आवाज तेवढा बंद पडलेला असतो. पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी याचे साठे पकडल्याच्या, गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे विकता येत नाही. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागायला येतात, हेही खरं आहे. पोलिसात भरती व्हायचं म्हणून पोलीस ज्याच्या मागावर आहेत ते टोचून घ्यायचं, याला काय म्हणावं?

आता आबांकडे येतो.

हे आबा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची गोळी सदैव खिशात. जत्रेत एका तंबूवाल्याकडून त्यांनी "शक्तिवर्धक" कॅप्सूल घेतल्या. शंभर टक्के आयुर्वेदिक, सोबत शिलाजिताचं काळं चित्र. एके रात्री छातीत कळ आली, सवयीने सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली आणि न्हाणीघराच्या दारात आडवे झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागेना. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेतलंय का?" शेजारी थोरला मुलगा आणि सून उभी. आबा म्हणाले, "नाही."

वाचले आबा. आठवड्याने सुनेला कोपरीच्या खिशात कॅप्सूलची पट्टी सापडली, ती घेऊन ती माझ्याकडे आली. आत नेमकं काय होतं ते कुणी तपासलं नाही. पण अशा कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा काय निघतं ते जगजाहीर आहे. सिल्डेनाफिल, म्हणजे ती प्रसिद्ध निळी गोळी, कुटून घातलेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळीची ७७६ पूरक उत्पादनं पकडली. त्यांतली जवळजवळ निम्मी या "पुरुषी ताकदी"ची होती. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट ही जोडी एकत्र आली की रक्तवाहिन्या अशा काही सैल पडतात की रक्तदाब सावरता सावरत नाही. गोळी चिठ्ठीवर घेतली असती तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता. जडीबुटी म्हणून घेतली, त्यामुळे कुणी विचारलंच नाही आणि विचारलं तेव्हा आबांना लाज आडवी आली. म्हणून घरच्यांना सांगतो, दवाखान्यात डॉक्टर विचारतील तेव्हा दोन मिनिटं खोलीबाहेर जा. माणूस एकटा असला की खरं बोलतो.

माझा एक साधा आडाखा आहे. ताकदीचं काही घेतलं आणि अर्ध्या तासात फरक जाणवला तर खूश होऊ नका, दचका. खारीक-खोबऱ्याने, डिंकाच्या लाडवाने, लोहाच्या गोळीनेसुद्धा अर्ध्या तासात कुणी उभं राहत नाही. इतक्या लवकर काम करतं ते औषध. मग ते कुठलं, किती आणि माझ्या बाकीच्या गोळ्यांशी त्याचं जमतं का, हे कळलंच पाहिजे.

खेळाडूंना तर हे फारच महागात पडलं आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत दोन सुवर्णपदकं मिळवणारी धावपटू अश्विनी अक्कुंजी आणि रिलेतल्या तिच्या सहकारी २०११ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंग या जडीबुटीच्या गोळ्यांतून ते अंगात गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी एका वर्षाची बंदी झाली. पुढे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. आपल्या अंगात जे सापडलं त्याला आपणच जबाबदार, हा तिथला नियम.

म्हणजे सगळी गडबड भेसळीचीच का? नाही. अस्सल मालही नडतो, आणि इथे मला माझ्याच दुकानाचं सांगावं लागेल. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी तुम्ही पाहिली असेल. दुधातून घ्यायची, आठवड्यातून एकदा. गल्लीतल्या एक वहिनी ती रोज घेत होत्या. अंग दुखायचं थांबलं, बरं वाटलं, मग रोज घेतली तर रोज बरं वाटेल असा हिशोब. दोन महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं आणि मूत्रपिंडाला त्रास सुरू झाला होता. त्या पुड्यांतल्या निम्म्या माझ्या काउंटरवरून गेल्या होत्या. मी देत गेलो, विचारलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पुडीवर स्केचपेनने वार लिहून देतो. रविवार. पुढच्या पुडीवर पुन्हा रविवार. लोक हसतात, हसू देत.

वनौषधींबद्दल दोन शब्द बोलतो, नाहीतर मग पत्रं येतात. करोनाच्या दिवसांत गुळवेलीचा काढा घराघरात उकळत होता. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं सुचवलं. अश्वगंधेचंही तसंच. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँडपासून भारतापर्यंत आहेत, डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली, आणि आपल्या मंत्रालयाला ते पटलेलं नाही. मी काही वैद्य नाही. पण वैद्याने नाडी बघून दिलेलं मूळ आणि मोबाइलवर मागवलेली दाट अर्काची कॅप्सूल एकच, असं मी तरी मानत नाही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी सगळं बंद करा आणि डॉक्टर गाठा.

आणि त्या सुनेचं काय, जिच्यासाठी सासूबाई टॉनिक मागत होत्या? तिचं हिमोग्लोबिन तपासलं तर आठ निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तेव्हा थकव्याची चौकशी आधी तिथे करावी. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देताना लॅबवाल्याला तसं सांगा. त्या गोळीने थायरॉईडचाच नाही, तर हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या तपासणीचाही रिपोर्ट चुकू शकतो. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर उंच फळीवर ठेवा. लाल, गुळगुळीत, लेमनच्या गोळीसारख्या दिसतात. लहान पोराने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

काही घेतल्यावर त्रास झालाच, तर डबा फेकून देऊ नका. त्यावरचा बॅच नंबर लागतो. औषधांचे दुष्परिणाम नोंदवून घेणारा सरकारी फुकटचा नंबर आहे, लिहून घ्या: १८००-१८०-३०२४. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, त्याच्यावर फार विसंबू नका. त्यावरून माल कुणी बनवला ते कळतं. तुमच्या हातातला डबा कुणी उघडून तपासला, असा त्याचा अर्थ नव्हे.

त्या पोराची गोष्ट अर्धीच राहिली. तो पेट्रोल पंपावर रात्री बारापर्यंत कामाला होता आणि चारला उठायचा. संध्याकाळच्या सरावालाही एक स्कूप. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात, म्हणजे जी चार तासांची झोप मिळायची तीही धड नाही. सकाळी अंग जड, म्हणून दोन स्कूप. मालकाशी बोलून त्याने दिवसाची पाळी घेतली. डबा माझ्याकडेच टाकून गेला. तो अजून काउंटरखाली आहे. झाकणाच्या आत त्याने मार्करने आपली वेळ लिहून ठेवली आहे: ५.४२, ५.३८, ५.३१. आकडे खरोखरच उतरत होते. दुसरा कुणी तसला डबा घेऊन आला की मी हे झाकणही त्याला दाखवतो, लपवत नाही.

नमस्कार.