भाडेकरू वारल्यावर घरमालकाने चावी कुणाच्या हाती द्यायची?

एकट्या राहणाऱ्या भाडेकरूचं दार दोन दिवस उघडलेलं नाही, फोन वाजतो पण कुणी उचलत नाही. अशा वेळी आपल्याकडची जादा चावी घेऊन एकट्याने आत शिरू नका. ११२ ला फोन करा, शेजारच्या दोघांना बोलवा आणि पोलीस येईपर्यंत दाराशी थांबा. आतून कण्हण्याचा आवाज आला तर मात्र वाट बघू नका, शेजाऱ्यांना सोबत घेऊन दार उघडा. जीव आधी, बाकी सगळं नंतर.

मृत्यू आकस्मिक किंवा संशयास्पद असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस पंचांसमक्ष पंचनामा करतात. तो पुरा होईपर्यंत खोलीतली कुठलीही वस्तू हलवू नका. उशाशी पडलेली गोळ्यांची पाकिटं, अर्धा भरलेला पेला, चुरगळलेली चादर, यांतूनच मृत्यूचं कारण कळत असतं. वास येतो म्हणून घाईने फरशी धुतली की ते सगळं पुसलं जातं आणि पुढचे प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. पोलिसांनी खोली मोकळी केली की तसं त्यांच्याकडून लेखी मागा, मगच साफसफाईला हात घाला.

आता मुख्य मुद्दा. घर कोणत्या कागदावर दिलं होतं, यावर पुढचं सगळं ठरतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर तो वापराचा परवाना आहे. तो त्या व्यक्तीपुरता असतो, वारसाहक्काने कुणाकडे जात नाही. पण म्हणून दुसऱ्या दिवशी कुलूप बदलता येत नाही. परवाना संपला तरी सामान हलवायला आणि निघायला वाजवी मुदत द्यावी लागते, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच आहे. करार नवऱ्याच्या नावावर होता आणि मागे पत्नी-मुलं त्याच घरात आहेत, असं सर्रास घडतं. दिवसकार्य आटोपू द्या, मग शांतपणे विचारा: राहायचं आहे की जायचं आहे? राहणार असतील तर पत्नीच्या नावाने नवा करार करून तो नोंदवा. जाणार असतील तर तारीख ठरवून दोघांच्या सह्या घ्या. "बघू पुढे" म्हणत भाडं घेत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ हेच सांगतं.

पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन कमी भाड्याने दिलेल्या) किंवा जुन्या भाड्याच्या जागेचं गणित वेगळं. १९९९ च्या त्याच कायद्यात 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येतच वारस बसवला आहे. राहत्या जागेत मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणारा कुटुंबीय, दुकान किंवा गोदाम असेल तर त्याच्यासोबत तिथे व्यवसाय करणारा कुटुंबीय, आणि असं कुणीच नसेल तर कोणताही वारस. त्यांच्यात एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं. तुम्ही ठरवत नाही, हे नीट लक्षात ठेवा. मोठा मुलगा रुबाबात बोलतो म्हणून त्याचं नाव लावून टाकलं, आणि वडिलांसोबत राहणारी घटस्फोटित मुलगी राहून गेली, की भांडण त्यांचं आणि न्यायालयाचे हेलपाटे तुमचे.

इथे पावतीचा कागद जपून लिहा. मुलगा भाडं घेऊन आला तर पावतीवर नुसतं त्याचं नाव घालू नका, कारण तुम्ही त्याला भाडेकरू मानलंत याचा तो पुरावा होईल. लिहा: "कै. अमुक यांच्या खात्यावर, तमुक यांच्या हस्ते जमा, वारसनिश्चितीस आणि मालकाच्या हक्कांस बाध न येता." पावती नाकारूही नका, ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. वाद सुरू झाला म्हणून पाणी-वीज तोडणं हाही गुन्हाच.

एकट्या माणसाच्या सामानाची यादी वारसाच्या आणि दोन साक्षीदारांच्या समोर करा. व्हिडिओ काढा, पण यादीही हाताने लिहा. "लोखंडी कपाट १, आतला लॉकर बंद, चावी मिळाली नाही" इतक्या बारकाईने. लॉकर फोडू नका. पासबुक, विम्याचे कागद, मोबाइल पाकिटात घालून पाकीट मोहोरबंद करा, जोडावर सगळ्यांच्या सह्या घ्या. गॅसचा रेग्युलेटर काढा, फ्रिज रिकामा करा, मीटरचं रीडिंग त्याच दिवशी टिपा. थकबाकीपोटी टीव्ही ठेवून घेतो, असं मनातही आणू नका. मृताची मालमत्ता अप्रामाणिकपणे लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. थकलेलं भाडं मागता येतं, पण वारसांना जे मिळालं त्याच्या मर्यादेतच. त्यांच्या स्वतःच्या खिशातून नाही.

राहिलं डिपॉझिट. ते मृताचं येणं आहे, म्हणून सगळ्या वारसांचं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस असते. गावाकडच्या म्हाताऱ्या आईचा विसर पडतो तो इथेच. रक्कम लहान असेल आणि सगळे एकत्र असतील तर मृत्यूचा दाखला, सर्वांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र घेऊन बँकेमार्फतच पैसे द्या. रक्कम मोठी असेल किंवा कुरबुर दिसत असेल तर दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागा. यात आडमुठेपणा नाही. न्यायालयाच्या दाखल्यावर दिलेले पैसे दुसऱ्या कुणी पुन्हा मागितले तर तुमची बाजू सुरक्षित राहते. आणि कपात केलीच तर पंखा, रंग, विजेचं बिल असं एकेक ओळीत लिहून बिलांसह द्या.