तबकडी किती लांब जाते?

(दृश्य: सपाट, भेगाळलेली जमीन. मातीलगत धूळ सरकते आहे. दूरवर डोंगरांची रांग.)

अमेरिकेत नेवाडा आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या सीमेवर प्रिम नावाचं एक चिमुकलं ठिकाण आहे. लास वेगासहून लॉस एंजेलिसला जाणारा महामार्ग इथूनच जातो. आजूबाजूला सगळं वाळवंट. 28 मार्च 2016 या दिवशी डेव्हिड विगिन्स ज्युनियर या अमेरिकी तरुणानं इथे लांब फेकीच्या स्पर्धेत वारा पाठीशी घेऊन फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची एक तबकडी भिरकावली. ती जमिनीला टेकल्यावर अंतर मोजलं. आकडा आला 338 मीटर.

क्षणभर थांबून हा आकडा नीट डोळ्यांसमोर आणूया. मे 2025 मध्ये दोह्याला नीरज चोप्रानं 90.23 मीटर भाला फेकला, तेव्हा आपण सगळे खुर्चीतून उठलो होतो. ही तबकडी त्याच्या पावणेचार पट लांब गेली. थाळीफेकीतला पुरुषांचा जागतिक विक्रम 75.56 मीटरचा आहे, लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाचा. त्याच्या तर जवळजवळ साडेचार पट.

थाळी दोन किलोची असते आणि तबकडी पावणेदोनशे ग्रॅमची, त्यामुळे ही तुलना बरोबरीची नाही, हे मान्य. पण हलकी वस्तू लांब जाते असंही नाही. चुरगाळलेला कागद फेकून बघा. मग एवढं अंतर येतं कुठून?

(दृश्य: झाडांमधला मोकळा पट्टा. टोकाला साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली.)

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. नियम गोल्फसारखेच, फक्त चेंडूच्या जागी तबकडी आणि खळग्याच्या जागी साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. पहिली लांब फेक म्हणजे ड्राइव्ह. पहिलं कायमस्वरूपी मैदान 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला एड हेड्रिक यांनी उभं केलं. फ्रिस्बीला आजचं रूप देणारेही तेच. 2002 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या.

सुरुवातीला खेळाडू बागेत झेलाझेली करायची फ्रिस्बीच फेकत. गोल, जाड काठाची. ती हवेत छान तरंगते, पण फार लांब जात नाही. 1983 मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी तबकडीच्या काठाला उतार दिला आणि खेळाचं मोजमापच बदललं.

(दृश्य: हातात धरलेली ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची तबकडी. कॅमेरा काठाजवळ येतो.)

ही बघा. व्यास वीतभर. मधला भाग चपटा, बोटानं दाबला तर किंचित दबतो. सगळं वजन गोळा झालंय काठात. हा काठ दोन सेंटिमीटरहून रुंद आहे आणि बाहेरच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखा निमुळता होत जातो. चारही बोटं आतून या काठात रुततात, अंगठा वरून दाबतो. वजन काठाशी असल्यामुळे एकदा फिरकी बसली की ती टिकते. आणि धार निमुळती असल्यामुळे हवा फार अडवत नाही.

आता वाऱ्याकडे येऊया, कारण 338 या आकड्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

लांब फेकीचा विक्रम 2002 मध्ये होता 250 मीटर, स्वीडनच्या क्रिस्तियान सँडस्ट्रॉमचा. 2014 मध्ये जर्मनीच्या सायमन लिझोटनं तो 263 वर नेला. म्हणजे बारा वर्षांत जेमतेम तेरा मीटरची भर. आणि पुढच्या दोन वर्षांत एकदम पंचाहत्तर मीटर! माणसाचा दंड दोन वर्षांत एवढा बळकट होत नाही. प्रिमला त्या दिवशी पाठीमागून वारा घोंघावत होता. शंभर मीटर धावताना किंवा लांब उडीत पाठीशी सेकंदाला 2 मीटरहून जास्त वारा असला, तर विक्रम धरत नाहीत. इथे उलट. लांब फेकीचे खेळाडू वाऱ्याच्या शोधातच वाळवंटात येतात. तबकडी उंच सोडायची, वाऱ्याच्या खांद्यावर बसवायची आणि उतरताना तिला तरंगू द्यायचं. मला यात काहीच खोटं वाटत नाही. वारा सगळ्यांनाच मिळतो, पण त्यावर स्वार होणं सगळ्यांना जमत नाही.

गंमत अशी की थाळीफेकवाल्यांना वारा समोरून हवा असतो. अलेक्नाचा विक्रम ओक्लाहोमातल्या रामोना इथला, आणि ते मैदान वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. दोन्हीकडे फिरणारी चकतीच, पण वाऱ्याशी नातं वेगवेगळं.

याहूनही लांब गेलेली एक फेक आहे, तीही सांगायला हवी. 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट फन्स्टनला एरिन हेमिंग्ज यांनी एरोबी 406 मीटर फेकली होती. पण एरोबी म्हणजे मधे मोकळं असलेलं कडं, ही गोल्फची तबकडी नव्हे.

(दृश्य: खेळाडू टीवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवर उभा. टॉवेलनं हात पुसतो. तबकडी डोळ्यांसमोर धरून कोन बघतो.)

वाळवंट सोडून मैदानावर आलो की आकडे खाली येतात. व्यावसायिक पुरुष खेळाडूंची ड्राइव्ह साधारण 120 ते 150 मीटर जाते. अव्वल महिला खेळाडू 105 ते 120 च्या घरात असतात. प्रिमच्याच त्या स्पर्धेत जेनिफर अ‍ॅलननं 173 मीटरचा महिलांचा विक्रम केला होता. हौशी खेळाडू साठ-सत्तर मीटरवर असतो, आणि शंभरी गाठली की त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना सांगतो.

साठवरून शंभरवर जायला दंड फुगवून उपयोग होत नाही. शेतात पाखरं हाकायची गोफण आठवा. जोर दोरीत नसतो, तो गरकन फिरवण्यात असतो. इथेही तसंच. पाय आडवे टाकत तीन-चार पावलं, मग पुढचा पाय जमिनीत रोवायचा. अंग थांबतं, कंबर उघडते, मागून खांदा येतो, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट. तबकडी छातीला घासून जाईल इतक्या जवळून येते आणि बोटांतून फट्‌ आवाज करत सुटते. चांगल्या व्यावसायिकाच्या हातून ती ताशी 110 किलोमीटरच्या आसपास निघते, सेकंदाला वीसेक गिरक्या घेत.

एवढं करूनही तिचं नाक वर राहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात. नाक म्हणजे पुढची कड. ती थोडी जरी उचललेली असली, तरी तबकडी हवेत चढते, अडखळते आणि डावीकडे कोसळते. नव्या खेळाडूचे वीस-पंचवीस मीटर बहुतेक वेळा इथेच जातात.

डावीकडेच का? वेग कमी झाला की हवा तबकडीचं नाक वर ढकलू लागते. पण फिरणारी वस्तू ढकलाल तिकडे झुकत नाही, काटकोनात झुकते. फिरत्या भोवऱ्याला टिचकी मारलेल्यांना हे ठाऊक असेल. म्हणून उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत ती डावीकडे कलते. सुरुवातीला वेग भरपूर असतो, तेव्हा हेच उलट होतं आणि ती उजवीकडे वळते. आधी उजवीकडे, मग सरळ, मग डावीकडे, असं नागमोडी वळण पूर्ण झालं की अंतर सगळ्यात जास्त मिळतं.

नवशिके इथेच फसतात. दुकानात जाऊन सगळ्यात वेगवान तबकडी घेतात. डिस्ट्रॉयरसारख्या तबकडीवर वेगाचा आकडा 12 लिहिलेला असतो. पण तो आकडा ती देत नाही, ती तुमच्याकडून मागते. तेवढा वेग हातात नसेल, तर ती लगेच डावीकडे जाऊन पडते. 7 आकड्याची साधी तबकडी त्याच हातातून लांब जाते. हे पटायला वेळ लागतो.

(दृश्य: संध्याकाळ. मोकळं मैदान. एकटा खेळाडू, पायाशी तबकड्यांची चळत.)

सराव असा चालतो. दहा तबकड्या एकाच दिशेनं फेकायच्या, मग चालत जाऊन गोळा करायच्या. सात-आठ जणी डावीकडे एकमेकींजवळ पडलेल्या. एक मधेच रुसून बसलेली, तिचं नाक वर होतं. आणि एक, बाकीच्यांच्या पुढे चांगली पंधरा पावलं, गवतात पालथी.

तो तिच्यापाशी उभा राहून मागे वळून बघतो, अंतर पावलांनी मोजतो. मग दहाही उचलून झपझप परत निघतो, कारण ती एक कशी सुटली हे बोटांना अजून आठवतंय.