काल तपासलेलं एक्स्टेन्शन आज कोणाचं आहे?

तुम्ही सगळे ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारे, म्हणजे ॲडमिन. आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोणती सॉफ्टवेअर आहेत हे ज्यांना सांगता येईल, त्यांनी हात वर करा. वा, बहुतेक सगळेच. आता त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये कोणकोणती एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जास्तीची सॉफ्टवेअर, आहेत हे सांगता येईल, त्यांनीच हात वर ठेवा. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला बघा.

यात तुमचा आळस नाही. सॉफ्टवेअर बसवायचं तर विंडोज सहसा ॲडमिनचा पासवर्ड मागतं. मग माणूस तुमच्याकडे येतो, तुम्ही ‘कशाला हवंय?’ म्हणून विचारता, चहाच्या कपाबरोबर निर्णय होतो. एक्स्टेन्शन यातलं काहीच मागत नाही. ते वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतं, तुमच्यापर्यंत वर्दीसुद्धा येत नाही. आणि आज काम चालतं कुठं? जीएसटीचं रिटर्न ब्राउझरमध्ये, बँकेची पेमेंट्स ब्राउझरमध्ये, ईमेल, हजेरी, पगारपत्रक सगळं तिथंच. वाड्याच्या दिंडी दरवाजाला अडसर घातलाय आणि परसदाराची कडी उघडीच, अशी आपली गत आहे.

बसवताना एक छोटी चौकट येते. सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी द्या, अशा अर्थाचं तिथं लिहिलेलं असतं. शब्द साधे आहेत, म्हणून कोणी थांबत नाही. पण ‘बदलण्याची’ हा शब्द नीट ऐका. पानावरचा खाते क्रमांक बदलता येतो, लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज, म्हणजे वेबसाइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, वाचता येतात. स्क्रीनशॉट काढायला घेतलेल्या एक्स्टेन्शनला ही मुभा आपण देऊन बसतो.

यावर तुम्ही म्हणाल, आम्ही चांगलीच एक्स्टेन्शन्स घेतो, तपासून घेतो. इथंच माझं म्हणणं सुरू होतं. एक्स्टेन्शन तपासता तेव्हा तुम्ही त्या दिवसाची आवृत्ती तपासता. त्यानंतर ते तुम्हाला न विचारता अपडेट होत राहतं. धोका बहुतेक वेळा बसवण्याच्या दिवशी नसतो, तो अपडेटमधून येतो.

‘द ग्रेट सस्पेंडर’ तुमच्यातल्या काहींनी वापरलं असेल. वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, वीस लाखांवर लोक वापरत होते. मूळ लेखकानं ते जून 2020 मध्ये दुसऱ्याला विकलं. नाव तेच, चित्र तेच, वापरणाऱ्याला कळायचं काही कारणच नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं ते घातक ठरवून क्रोमच्या एक्स्टेन्शन स्टोअरमधून काढलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. भाडेकरू ठेवताना आपण आधार कार्ड बघतो, पण इथं भाडेकरूनं खोली परस्पर दुसऱ्याला दिली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. सायबरहेवन ही इतर कंपन्यांचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून सेवा देणारी कंपनी. डिसेंबर 2024 मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांच्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला: तुमचं एक्स्टेन्शन स्टोअरचे नियम मोडतंय, काढून टाकलं जाईल. लिंक उघडली तर खरोखर गूगलचंच परवानगीचं पान. त्यानं होकार दिला. म्हणजे पासवर्ड चोरलाच नाही कोणी, एका परक्या ॲपला एक्स्टेन्शन प्रकाशित करण्याचा हक्क मात्र देऊन टाकला. 25 तारखेला बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढली आणि सुमारे चार लाख लोक वापरत असलेल्या एक्स्टेन्शनचं अपडेट म्हणून निघाली. फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर डोळा होता. कंपनीच्या लक्षात आल्यावर तासाभरात ती खाली आली, पण तोवर दिवस गेला होता. पुढे शोध घेतल्यावर अशीच हाताळलेली तीसहून जास्त एक्स्टेन्शन्स निघाली.

आता यातली गोम बघा. डेटा सांभाळणारं एक्स्टेन्शन हौसेनं कोण बसवतं? अशी एक्स्टेन्शन्स बहुधा ॲडमिनच पॉलिसीनं, म्हणजे ब्राउझरला एकाच जागेवरून दिलेल्या हुकमानं, सगळ्या मशीनवर ढकलतो. म्हणजे राखणदार आपणच नेमलेला असतो.

तर पॉलिसी. क्रोमला ॲडमिनच्या सूचना विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसी या सोयीतून जातात, शेवटी त्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, लिहिल्या जातात. लिनक्सवर ठरलेल्या फोल्डरमध्ये जेसन नावाच्या साच्यातली मजकुराची फाइल ठेवायची. सगळी मशीन एकत्र सांभाळणारा डोमेन सर्व्हर नसेल तर गूगलच्या ॲडमिन कन्सोलमधूनही करता येतं आणि त्याच्या मूळ सोयीला पैसे लागत नाहीत. जुनी तीन हत्यारं: ब्लॉकलिस्ट (बंदीची यादी), अलाउलिस्ट (परवानगीची यादी), फोर्सलिस्ट (सक्तीनं बसवायची यादी). ब्लॉकलिस्टमध्ये नुसतं तारकाचिन्ह लिहिलं की सगळं बंद, मग अलाउलिस्टमध्ये चालवायच्या एक्स्टेन्शनचा एकेक आयडी घालायचा. हा आयडी म्हणजे बत्तीस अक्षरांची ओळ, इंग्रजी ए ते पी एवढीच सोळा अक्षरं त्यात येतात. तो एक्स्टेन्शनच्या चावीवरून, म्हणजे त्याच्या डिजिटल सहीच्या किल्लीवरून, ठरतो, मालकाच्या नावावरून नाही. एक्स्टेन्शन विकलं तरी आयडी तोच राहतो. म्हणून नुसत्या अलाउलिस्टवर विसंबलात, तर ‘ग्रेट सस्पेंडर’ तुमच्या यादीत शेवटपर्यंत सभ्य गृहस्थ म्हणून बसला असता.

फोर्सलिस्ट जपून वापरा. त्यातलं एक्स्टेन्शन गुपचूप बसतं, वापरणाऱ्याला काढता येत नाही आणि परवानग्याही न विचारता मिळतात. एरवी एखाद्या अपडेटनं जास्तीची परवानगी मागितली, तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून माणसाला विचारतो. फोर्सलिस्टमध्ये ही पायरीच नाही.

मी स्वतः तारकाचिन्हाचा प्रयोग केला आहे. एका ऑफिसात, शुक्रवारी संध्याकाळी, मोठ्या समाधानानं. ब्लॉकलिस्ट लागली की आधी बसवलेली एक्स्टेन्शन्सही बंद पडतात, हे मला माहीत होतं, पण कोणाकडे काय आहे हे माहीत नव्हतं. सोमवारी साडेदहाला आवक-जावक विभागातल्या मॅडम आल्या. त्यांचं मराठी टायपिंगच बंद झालं होतं. मी म्हटलं, बघतो. हे ‘बघतो’ गुरुवारपर्यंत चाललं. गुरुवारी कळलं की त्या पत्रं स्वतःच्या मोबाइलवर टाइप करतात आणि व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर घेतात. ऑफिसची पत्रं, नागरिकांच्या नावापत्त्यांसकट. मी कडी लावली आणि सगळा कारभार खिडकीतून सुरू झाला. त्यानंतर मी आधी पंधरा दिवस नुसती यादी जमवतो, बंद काहीच करत नाही. आणि मागणी करायला एक रस्ता ठेवतो. गूगलच्या कन्सोलमध्ये वापरणाऱ्याला तिथूनच विनंती पाठवता येते. ते नसेल तर अडवल्यावर दिसणाऱ्या संदेशात स्वतःचा मजकूर घालता येतो. मी तिथं माझा एक्स्टेन्शन नंबर लिहितो, टेलिफोनचा.

आता खऱ्या कामाची पॉलिसी: एक्स्टेन्शन सेटिंग्ज. ही एकच पॉलिसी वरच्या तिघींचं काम करते आणि शिवाय दोन गोष्टी देते. पहिली, परवानगीच्या नावानं बंदी. प्रॉक्सी (इंटरनेटची वाट) बदलणारं किंवा डीबगर (पानाच्या आतलं कामकाज बघणारं साधन) वापरणारं कुठलंही एक्स्टेन्शन चालणार नाही, असं सांगता येतं. नाव काहीही असो, मालक कोणीही असो. दुसरी माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी: रनटाइम ब्लॉक्ड होस्ट्स, म्हणजे एक्स्टेन्शनला मज्जाव असलेल्या वेबसाइट्स. इथं तुम्ही वेबसाइट्सची नावं देता आणि त्या पानांवर एक्स्टेन्शनला हात लावता येत नाही. स्क्रिप्ट घुसवता येत नाही, कुकी वाचता येत नाही. शंभरपर्यंत नोंदी चालतात. लहान ऑफिसला पंधरा पुरतात: बँक, ईमेल, जीएसटी, आयकर, पगाराचं सॉफ्टवेअर. पासवर्ड मॅनेजरसारख्याला तिथं जावंच लागतं, त्याच्यासाठी वेगळी सूट लिहायची. ही सूट एका मशीनवर तपासूनच पुढे जा.

उद्या एखादं एक्स्टेन्शन बिघडलं, तर या यादीमुळे ते बँकेच्या पानावर आंधळंच राहतं. कोण चांगला, कोण वाईट हे ओळखायची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. ती तशीही आपल्याला पेलणारी नव्हती.

क्रोमची पॉलिसी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरला लागू होत नाही, हे आपण विसरतो. एजला स्वतःची वेगळी पॉलिसी लागते, आणि गंमत म्हणजे क्रोमच्या स्टोअरमधली एक्स्टेन्शन्स एजमध्येही बसतात. फायरफॉक्सला 2018 पासून त्याची स्वतःची पॉलिसी फाइल आहे. बाकीचे ब्राउझर ऑफिसच्या मशीनवर नकोतच, त्यावर मी वाद घालत नाही.

कोणत्या मशीनवर कोणती एक्स्टेन्शन्स आहेत याची यादी कशाला, असं संचालक मंडळात विचारतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती होती, हे नाताळच्या सुटीत तुम्ही कोणाला फोन करून विचारणार?

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे: घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसतं, पण घरी कसली संस्था? चांगला प्रश्न आहे. कधी अँटीव्हायरससारखं सॉफ्टवेअर एखादी पॉलिसी लिहितं, तेव्हा लगेच घाबरू नका. पण फुकटातलं काहीतरी उतरवताना आलेलं चोरटं सॉफ्टवेअरही हीच रजिस्ट्री वापरतं, स्वतःचं एक्स्टेन्शन फोर्सलिस्टमध्ये टाकतं आणि मग ‘काढा’ हे बटणच चालत नाही. आपलं हत्यार आपल्यावरच. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. लागू असलेली प्रत्येक पॉलिसी तिथं दिसेल. फोर्सलिस्टच्या ओळीत बत्तीस अक्षरांचा अनोळखी आयडी दिसला, तर त्याचा फोटो काढा आणि चहाच्या वेळी मला दाखवा.